आईच्या गाण्यांचं प्रूफ

इंदापूर,
१५ मार्च १९९७

ती. दादास,
सविनय जयभीम, वि. वि.

आईच्या गाण्यांची फ्लॉपी आजच्या बारामती एसटीनं कंडक्टरच्या हाती धाडते आहे. स्टँडवरून घे आणि थेट प्रेसमध्ये दे. तुझ्या सवयीप्रमाणे पिशवीत जेवणाच्या डब्याखाली दडपू नकोस, नाहीतर गाण्यांना कालवणाचा वास लागायचा.

एकतीस गाणी मी स्वतः टाइप केली. अक्षर मुद्दाम मोठं, गोल निवडलंय, तिच्या साक्षरता वर्गाच्या पुस्तकात असतं तसं. पासष्टाव्या वर्षी वाचायला शिकलेली आपली आई जयंतीला विहारात स्वतःच्या पुस्तकातून वाचणार, या विचारानं टाइप करताना दोनदा रडू आलं. डीटीपी सेंटरचे मालक हसले. हसू देत.

वहिनींना जयभीम. धाकट्या बहिणीवर माया आहेच, ती राहू दे.

तुझी,
अंजली

वडगाव निंबाळकर,
२४ मार्च १९९७

चि. अंजलीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फ्लॉपी पोचली, पण घोटाळा झालाय. तू वापरलेला फॉन्ट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नाही आणि फ्लॉपीतही तू तो घातला नाहीस. ऑपरेटरनं आपल्याकडचा दुसराच मराठी फॉन्ट लावला आणि न वाचता प्रूफ काढून दुधाच्या गाडीबरोबर घरी पाठवून दिलं. अक्षरं सगळी मराठी, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक शब्द लागेल तर शपथ! मी बी.एड. झालेला मास्तर, मलाही वाचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते परत नेऊन दिलं.

जयंतीला तीन आठवडे राहिलेत. काय ते लवकर कर. आई दोन दिवस वर्गाला गेली नाही, बोलतही कमी. उन्हानं असेल.

काळजी घे, लोभ वाढता असू दे.

तुझा,
बुद्धघोष

इंदापूर,
२७ मार्च १९९७

ती. दादास,
सविनय जयभीम, वि. वि.

चूक माझीच. सेंटरमध्ये टाइप करायचं आणि तिथंच प्रिंट काढायची, एवढंच मला ठाऊक. फाईल बाहेर पाठवायची वेळ कधी आलीच नाही. माझ्या पडद्यावर दिसतं तेच सगळीकडे दिसणार, असं धरून चालले. आता नव्या फ्लॉपीत फाईलबरोबर फॉन्ट घातलाय आणि एकतीसही गाण्यांची प्रिंट जोडलीय. पान पानाशी ताडून घेतल्याशिवाय छापू देऊ नकोस.

पण दादा, त्या प्रूफची घरात पहिली गाठ कुणाशी पडली? आईनं ते वाचून पाहिलं का? मला झोप नाही. तिला आजच सांग, चूक लेकीची आहे.

रागावला असलास तरी उत्तर धाड.

तुझी,
अंजली

वडगाव निंबाळकर,
१५ एप्रिल १९९७

चि. अंजलीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पुस्तक सुरेख छापलं, तुझ्या प्रिंटबरहुकूम. पण तुला भीती होती तेच झालंय.

प्रूफ आलं तेव्हा आई घरात एकटी होती. दुपारभर ओळीखाली बोट धरून बसली. गाणी तिचीच, तोंडपाठ, तरी शब्द जुळेना. तिला वाटलं, शिकलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी फॉन्टचं सांगितलं, तुझी प्रिंट पुढ्यात धरली. तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, अक्षरं तर माझ्या वळखीचीच हुती, मलाच लावता आली न्हाईत, तुमी पोरं माझं मन राखताय. वर्गाच्या बाई दोनदा येऊन गेल्या. त्यांनाही हेच सांगितलं.

काल विहारात ती पुस्तक उघडून उभी राहिली आणि तीन गाणी खणखणीत म्हटली. ताईबाई काय वाचतात म्हणत लोकांनी आईसाठी टाळ्या वाजवल्या. मी शेजारीच होतो. तिनं एकदाही पान उलटलं नाही.

तुझ्यावर तिचा राग नाही. लेकीनं पुस्तक केलं म्हणून गल्लीभर सांगते. पोरांना रोज बाराखडी शिकवणारा मी, आणि आईपुढे माझं काही चालत नाही. सुट्टीत ये. तुझं तरी ऐकेल की नाही, कोण जाणे.

तब्येतीला जप, आम्हांवर जीव असू दे.

तुझा,
बुद्धघोष

ता. क. पत्र संपवून आईच्या हाती पेन दिलं, म्हटलं, अंजलीला दोन शब्द लिही. तिनं पेन परत दिलं आणि तुझ्या वहिनीकडे शाईचा पॅड मागितला. खाली उमटलाय तो आईचा अंगठा.