आईला धरायला

सावेडी, नगर
रविवार, दि. ७ फेब्रुवारी १९९९

आदरणीय उत्तमराव दाजींना,

कल्याणचा सविनय जयभीम. रतनताईलाही सांगावा. तिची कंबर कशी आहे, तुमची साखर कुठवर उतरली, आणि परसातल्या पेरूवर राघू तुमच्यासाठी काही शिल्लक ठेवतात की नाही, हे तिन्ही कळवावं. इकडे सगळे मजेत आहेत, माझ्याखेरीज.

माझी तक्रार मी पूर्ण जबाबदारीने लेखी मांडतो आहे. गेल्या तीन आठवड्यांत या कॉलनीत मला एकाही माणसाने ‘बरे आहात का’ असं विचारलेलं नाही. पाचव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला आणि सर चारचाकी घेणार ही बातमी फुटल्यापासून मी आजारी पडू शकतो ही शक्यताच लोकांनी सोडून दिली आहे. दूधवाला माप ओतता ओतता ‘ॲव्हरेज काय देती’ विचारतो. मुख्याध्यापकांनी माझा रजेचा अर्ज पुढे ओढला, सहीच्या जागी पेन टेकवलं आणि ‘डिझेल बघा’ एवढंच म्हणाले (सही अजून झालेली नाही). परवा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड पुरतं उघडं असताना, आत दोन हत्यारं असताना, आपल्या रस्त्यांना जीपच कशी बरी हे दहा मिनिटं समजावलं. मी ‘आ’ करून होतो, त्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला. सौ. सीमाचं मत मारुतीकडे आहे, कारण मारुतीला काचा असतात आणि केस विस्कटत नाहीत. सम्राटचं मत जीपकडे आहे, कारण तो सतरा वर्षांचा आहे. माझं मत काय, हे विचारायला कोणी आलं की कळवतो.

म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं भंडारदऱ्याला पाटबंधारे खात्याची जीप चालवलेला माणूस आपल्या घरात असताना मी दूधवाल्याचं का ऐकावं? पण तो माणूस आमच्याकडे फिरकत नाही. तिसगावला आपल्या थोरल्या भावाच्या नितीनच्या लग्नात आपली शेवटची भेट झाली, त्याला आता नऊ महिने झाले. त्या दिवशी नगरहून केलेल्या भाड्याच्या जीपमध्ये तुम्हाला मागे बसावं लागलं, हे मला मान्य आहे. आहेराची पातेली आणि स्टेपनी यांच्या मधोमध बसावं लागलं, हेही मान्य आहे. परंतु पुढे ड्रायव्हरशेजारी दोनच माणसं मावत होती. आईचे गुडघे हे असे, म्हणून आई पुढे. आणि करंजी घाटात तिचा तोल जाऊ नये म्हणून तिला धरायला मी पुढे. यात कोणाला कमी लेखायचा हेतू नव्हता, हे मी तेव्हाच मोठ्याने म्हणालो होतो. (तुम्हाला ऐकू गेलं नसेल. मागे पातेल्यांचा आवाज फार होता.)

तुमचा राग तुमच्याजवळ ठेवायला माझी हरकत नव्हती, पण आता मधे आईचा डोळा आला आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरांनी सोमवार, बावीस तारीख दिली आहे, आणि आईने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, ‘रतन आल्याबिगर मी डोळ्याला हात लावू द्यायची न्हाई. पट्टी सोडली की पयली रतन दिसाय पायजे.’ मी म्हणालो, आई, मी आहे की. तर म्हणते, ‘तुला काय बघायचं, तू रोजचाच हायेस.’ ताईला तुमच्या शेजारच्या दुकानात पीपी नंबरवर फोन लावला, तर ती म्हणाली की ह्यांना सोडून मी एकटी कशी येऊ. मग तुम्हाला बोलवा म्हटलं, तर तुम्ही शेतात गेल्याचं कळलं. शेतातला तुमचा खोकला मला फोनवर अगदी स्वच्छ ऐकू आला. असो. डॉक्टर म्हणतात फार लांबवू नका, आई म्हणते रतन, ताई म्हणते ‘हे’, आणि ‘हे’ शेतात आहेत.

तेव्हा आधी जीपचं सांगतो, कारण ती मी प्रत्यक्ष अनुभवली. गहिनीनाथ म्हणून पाथर्डीकडचा एक गडी आपली वापरलेली जीप विकतो आहे. दिवसा ती नगर–पाथर्डी रस्त्यावर सीटं भरते. ट्रायल घ्या म्हणाला, तिसगावपर्यंत जाऊन येऊ. मागच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी त्याच्या शेजारी पुढे बसलो. काय सांगू दाजी, उंचावरून जग फार आज्ञाधारक दिसतं. स्कूटरवर असताना ज्या म्हशी माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्या बाजूला झाल्या. जीपच घ्यायची, असं मी शहराची हद्द सुटण्याआधीच ठरवलं.

मेहेकरीला एका म्हाताऱ्याने हात केला आणि जीप थांबली. मी गहिनीनाथकडे पाहिलं. ‘म्या न्हाई थांबिवली गुरुजी,’ तो म्हणाला, ‘गाडीलाच सवय हाय.’ म्हातारा चढला. मग गाडीला दर दोन मैलांवर सवय आठवू लागली. ही ट्रायल आहे, असं मी वळून प्रत्येकाला सांगत होतो, आणि ते ‘असू द्या, असू द्या’ म्हणून सरकून बसत होते. (घरात चार माणसं असणाऱ्याने जीप का घेऊ नये, हे मला तिथेच कळायला हवं होतं. ज्या वाहनात अकरा माणसं मावतात, त्यात ती बसतात. मालक कोण, हा प्रश्न त्यांना पडत नाही.)

करंजी घाटाच्या अलीकडच्या स्टँडवर लंकाबाई नावाची एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभा होता. मुलगा चांगला माझ्या वयाचा, टेरिकॉटच्या शर्टातला, केसांना तेल. त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘पाव्हणं, जरा माघं व्हता का? म्हातारीला माघं झेपायचं न्हाई.’ आता म्हातारीला नाही कसं म्हणणार? मी उतरलो. म्हातारी चढली. मी म्हणालो, पुढे अजून एक जण मावतो, मी टेकतो. तर तो म्हणाला, ‘तिथं मी बसतो. आईला धराया नगं व्हय घाटात?’

दाजी, मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय. करंजी घाटाला किती वळणं आहेत हे मला कधी माहीत नव्हतं. ते मागच्या स्टेपनीवर बसल्याशिवाय कळत नाही. दर वळणाला हूडचा लोखंडी दांडा माझ्या टाळूची चौकशी करायचा, धूळ मागून आत यायची आणि बाहेर जायची वाट तिला सापडायची नाही, आणि माझ्या मांडीवर कोणाची तरी ज्वारीची अर्धी गोणी होती, जिच्याबद्दल मला कोणी विचारलंही नव्हतं. पण सगळ्यात जास्त लागली ती पाठ. पुढच्या माणसांच्या पाठी. मागे बसलेल्या माणसाला सगळा रस्ता पुढच्यांच्या पाठींमधून बघावा लागतो, आणि ते काय बोलून हसले ते ऐकू येत नाही. लंकाबाई आपल्या हाताने समोरची कडी घट्ट धरून बसली होती. तिच्या लेकाने तिला एकदाही हात लावला नाही. त्याचं कोपर घाटभर खिडकीबाहेर होतं.

तिसगावला मी मागच्या बाजूने, पाय चाचपत, उलटा उतरलो. स्टँडवर गावच्या शाळेतले माझे दोघे तिघे जुने सोबती बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण मी धुळीने एकाच रंगाचा झालो होतो. लंकाबाईने ओळखलं, पण जीपचा क्लीनर म्हणून. ‘दार नीट लाव रं बाबा,’ म्हणाली, ‘हालतंय.’ मी नीट लावलं.

मारुतीची गोष्ट त्या मानाने सभ्य आहे. शोरूममध्ये गळ्यात टाय बांधलेला एक मुलगा मला ‘सर’ म्हणाला (तो माझाच विद्यार्थी निघाला, नववीत नापास झालेला, भूगोलात). आईला सोबत नेलं होतं, गुडघ्यांची परीक्षा घ्यावी म्हणून. ती पुढच्या सीटवर टेकली, पाठ मागे टाकली, पिशवी काढून तंबाखू मळली आणि म्हणाली, ‘चल आता.’ गाडी शोरूममध्ये काचेच्या आत उभी होती. चालत नाही म्हटल्यावर तिने शोरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘मग बसवलं कशापायी?’ त्यानंतर ती उतरायला तयार होईना. टायवाल्या मुलाने चहा मागवला. तिने तो गाडीत बसून घेतला.

जीपच्या बाजूने बोलायचं तर ती उंच आहे, खड्ड्यांना भीत नाही, आणि तिसगावला जाताना अर्धं गाव सोबत नेता येतं. मारुतीच्या बाजूने बोलायचं तर अर्धं गाव नेता येत नाही. जीपला डिझेल, मारुतीला पेट्रोल. जीपच्या सीटवर आई आपली आपण चढू शकत नाही, मारुतीच्या सीटवरून ती उठू इच्छित नाही. सम्राट म्हणतो जीप म्हणजे रुबाब. रुबाबाचं मी वर सविस्तर लिहिलंच आहे.

तरी आपण या विषयातले अधिकारी, आपला सल्ला यावा. उलट टपाली आल्यास उत्तम. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
कल्याण

ता. क. सल्ला पाठवण्याची घाई नाही. मारुतीचं बुकिंग आम्ही मंगळवारीच केलं, गाडी अठरा तारखेला हातात येते. (पांढरी. सीमाच्या मते पांढऱ्यावर धूळ दिसत नाही. माझ्या मते नगरमध्ये कशावरही दिसते.) दूधवाल्याला अजून सांगितलेलं नाही. तो जीपच्या बाजूने फार पुढे गेला आहे.

ता. क. २. मारुती का घेतली, ते सीमालाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तिने पटवलं. मारुतीत ड्रायव्हरच्या शेजारी एकच माणूस बसतो. दुसऱ्या कोणाला ‘धरायला’ तिथे जागाच नाही.

ता. क. ३. डिसेंबरपासून मी पहाटे उठून ड्रायव्हिंग स्कूलला जातो. फिरायला जातो असं घरी सांगत होतो, लायसन्स परवा मिळालं. रिव्हर्स घेताना अजून माझी मान एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाते, पण तुमच्याकडे अकोल्याला येताना बहुतेक पुढेच जायचं आहे.

ता. क. ४. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं.

लग्नाच्या त्या दिवशी आईने पुढची जागा मागितली नव्हती. तिला मागे रतनजवळ बसायचं होतं, लेकीशी बोलायचं होतं. काल रात्री जेवताना मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘तू कवा धरलंस रं मला? कोपर भाईर काढून बसला हुतास.’ बसलो होतो. तिसगावात शिरताना स्टँडवरच्या पोरांनी मला पुढे बसलेलं पाहावं एवढंच मनात होतं, आणि त्यासाठी मी म्हातारीचे गुडघे सांगितले.

ताई फोनवर आणखी एक बोलली होती, ते मी वर लिहिलं नाही. लग्नासाठी तुम्ही सफारी शिवून घेतली होती, आणि निघताना तिला म्हणाला होतात, ‘एकतीस वर्षं उजवीकडं बसलो, आज डावीकडं साहेबाच्या जागी बसून बघतो.’ तुम्ही हे मला कधी बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

चुकलं माझं, दाजी.

रविवारी, एकवीस तारखेला, अकोल्याला येतो. पहाटे निघेन, पोहोचायची वेळ माझ्या क्लचवर अवलंबून आहे. आई हट्टाने सोबत येणार आहे. परतताना ती मागे ताईजवळ बसेल. डावीकडे तुम्ही. वाटेत माझा गिअर चुकला, तर साहेब लोक तुम्हाला बोलायचे तसं मला बोला. मी ऐकून घेईन.