मात्सू मायची फुकटची सहल

१२ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी चूल पेटवायच्या आधी मात्सू मायला, आमच्या समुद्रदेवीला, कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात धरल्या, डोळे मिटले, विचारलं — माय, समुद्रापलीकडे जायचं का? टाकल्या. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे माय हसली. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही! एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार, दोन्ही फुगीर तर नकार. हसली, तर प्रश्नच धड विचारलेला नाही.

मागून मेईशिआ म्हणाली, "मी पंचवीस वर्षं तुमच्याकडे बघून हसतेच आहे. तिला तर आत्ता कुठे आठ महिने झालेत."

बायको आहे. सोडून दिलं.

१४ डिसेंबर

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल.

यंदा देवळाच्या धूपदाणीचा मानकरी मी. वसंतात मायच्या जन्मदिवशी एकेका घराचं नाव घेऊन कौल लावतात. लागोपाठ सर्वांत जास्त होकार ज्याला, तो मानकरी. वर्षभर मायची धाकटी मूर्ती आणि धूपदाणी त्याच्या घरी. आमच्या अंगणात काठ्यांवर शेवया वाळतात आणि ओसरीवरून माय त्यांच्यावर लक्ष ठेवते. आई म्हणते, "तिला शेवया आवडतात म्हणून तुला निवडलं, आ-तेक. नाहीतर तुझ्यात आहे काय?"

तर सोमवारी लिआओ साहेब आले. ताइचुंगचे, म्हणजे आमच्याच बेटावरच्या मोठ्या शहरातले, कुठल्याशा यात्रा मंडळाचे. गोड माणूस. घरोघरी अननसाच्या वड्यांचा डबा. मायला तिच्या मूळ देवळात, चीनमध्ये, भेटीला न्यायचं. सगळा गाव बरोबर. बस, बोट, हॉटेल, जेवण — सगळं तिकडचे देणार. आपण फक्त माय आणायची. पंचांगातल्या अकराव्या महिन्याच्या अखेरीस निघायचं, बाराव्याच्या पंचमीला परत.

आई ऐकत होती. एक्क्याऐंशी वर्षांची. मूळ देवळात एकदा तरी उदबत्ती लावायची, हे ती मी पाळण्यात होतो तेव्हापासून म्हणते. मीही दरवर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी नेतो. दुपारी आईने पेटीतून निळा कोट काढून उन्हात टाकला, शेवयांच्या शेजारी.

१७ डिसेंबर, रविवार

देवळासमोर वडाखाली चहा. निवृत्त श्ये गुरुजी तापले होते. चीन काही फक्त आपल्यामागे लागलेला नाही, म्हणाले. कुठे बंदर बांधून देतो, कुठे रस्ता, कुठे नुसतंच कर्ज — आणि मग त्या देशातली तोंडं एकेक करून मिटतात. जगभरची लोकशाही अशीच जाणार.

को काका देवळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, गुरुजी, जगाचं राहू द्या, तुमचा गुडघा सांभाळा. एवढ्या थोरल्या देशाला आपल्या चार गल्ल्यांचं काय पडलंय?

"मग बस कशाला पाठवतोय?"

"भक्ती."

"देव न मानणाऱ्या सरकारला भक्ती कधीपासून सुचली, काका?"

सगळे हसले, को काकाही. मग सगळ्यांनी लिआओ साहेबांच्या वड्या खाल्ल्या. गुरुजींनी दोन.

मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत होतो. टीव्हीवर वर्षानुवर्षं ऐकतोय — जहाजं येतील, विमानं येतील, तोफा येतील. आली ती बस. मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची. तोफेला घाबरता येतं. बसला कसं घाबरायचं?

मेईशिआला हे सांगितलं. म्हणाली, जगाचं नंतर बघू, ढग आलेत, आधी शेवया आत घ्या.

२० डिसेंबर

कौल लावला. हसली.

२२ डिसेंबर, शुक्रवार

वर्षातला सर्वांत लहान दिवस. पाकातल्या तांदळाच्या गोळ्या. आईने आठ खाल्ल्या आणि पाच सांगितल्या.

जेवताना मेईशिआ भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत होती. तेरा जानेवारीला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, शहरातली मुलं मत द्यायला गावी येतील, शेवया जास्त लागतील — असा तिचा हिशेब. एकदम थांबली.

"अहो, तेरा तारीख म्हणजे बाराव्या महिन्याची तृतीया."

"बरं मग?"

"मग तृतीयेला तुम्ही अख्खा गाव घेऊन कुठे असणार?"

वाटी खाली ठेवून कॅलेंडर स्वतः बघितलं. आमच्याकडे देवाचं सगळं तिथीने आणि सरकारचं सगळं तारखेने. देवळात लावलेल्या सहलीच्या लाल कागदावर तिथी होती. ती वाचून सगळ्या गावाने हात जोडले. ती तारखेशी जुळवून बघायचं एकाच्याही मनात आलं नाही! आणि मत तर आपल्याच गावी, त्याच दिवशी द्यायचं. पंचमीला परत येऊन काय उपयोग?

आई म्हणाली, "बघा, घरात एक तरी शहाणं माणूस आहे. आणि ते माझ्या पोटचं नाही."

२४ डिसेंबर

को काकांकडे गेलो. लिआओ साहेब तिथेच होते. म्हटलं, एक आठवडा पुढे ढकला. सगळे येतील, मीही येईन.

लिआओ साहेब हसले. मुहूर्त मायचा आहे, म्हणाले, तो बदलणारे आपण कोण? मी म्हटलं, माझ्याकडे तर ती नुसती हसते. ते ऐकून को काकांना ठसका लागला.

मग लिआओ साहेबांनी माझ्या कपात चहा ओतला. अगदी हळू बोलले. "मतदान काय, चार वर्षांनी पुन्हा येतंच. मूळ देवळाचं बोलावणं येईलच असं नाही. आणि तुमच्या आईंचं वय..."

वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर भांडता आलं असतं.

निघताना को काका म्हणाले, एकतीसला गाव जमवू आणि काय ते ठरवू. जायचं ठरलं तर मूर्ती अडवून धरू नकोस. माय काही तुझी एकट्याची नाही.

हे मात्र खरं आहे.

२८ डिसेंबर

रोज संध्याकाळी आईचे पाय चेपतो. आज विचारलं, तुला जायचंय ना? म्हणाली, "जायचं आहेच. म्हणून काय झालं?" आणि डोळे मिटून घेतले.

म्हणून काय झालं — हेच तर मला कळत नाही. लहानपणी शाळेत सरकारी भाषा सोडून घरची भाषा बोललो की गळ्यात पाटी अडकवायचे. दिवसभर पाटी घालून फिरायचं, दुसरं कोणी बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात घालायची. आम्ही पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असायचो. तेव्हाचे राज्यकर्ते काही समुद्रापलीकडून राज्य करत नव्हते, इथूनच करत होते. ते गेले; आम्ही मत देऊन घालवले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. एवढ्यात विसरून बसमध्ये कसा बसू?

आणि आईला खाली कसं उतरवू?

३१ डिसेंबर, रविवार

आधी जेवण झालं. बारा पदार्थ, लिआओ साहेबांकडून. शेवटी अख्खा मासा. मग को काका उठले.

मी तारखेचं सांगितलं. नीट सांगितलं, घाम आला तरी. सगळ्यांनी बोटांवर तिथी मोजली. मग कोणीतरी म्हणालं, हो रे, खरंच की. मला वाटलं जिंकलो!

को काका म्हणाले, ठीक आहे, ज्यांना मायबरोबर जायचंय त्यांनी हात वर करा. आणि एकेका टेबलाकडे बघत राहिले. हात वर गेले. न्हावी तर आज सकाळीच माझी मान धरून शपथेवर म्हणाला होता की मतदान चुकवणार नाही. त्यानेही केला — सूपकडे बघत.

माझ्या बाजूने गुरुजी, मेईशिआ आणि आणखी पाच-सहा. आईने हात मांडीवरच ठेवला, दोन्ही वेळा.

हरलो तर हरलो. लोकांनी ठरवलं. मूर्ती द्यायला हवी.

घरी आई म्हणाली, "सगळ्यांसमोर हात वर करायला लावल्यावर नाही कोण म्हणेल? लष्करी कायदा होता तेव्हा तुझा बापही असाच हात वर करायचा. दर सभेत, सगळ्यांच्या आधी. घरी आला की तोच हात चोळत बसायचा."

बाबांबद्दल हे पहिल्यांदाच ऐकलं.

२ जानेवारी

को काकांना म्हटलं, पुन्हा विचारू. हरलेला माणूस नेहमी फेरमोजणी मागतो, म्हणाले.

"मोजणी नको, काका. पडदा हवा. पडद्याआड जे ठरेल ते मला मान्य. जायचं ठरलं तर मी स्वतः मायला उचलून बसमध्ये बसवीन."

को काका माणूस वाईट नाही. त्यांना खात्रीही होती. म्हणाले, मायला विचार, तिने परवानगी दिली तर घेऊ.

देवळात सगळ्यांदेखत कौल लावला. जायचं का, असं विचारलंच नाही. म्हटलं, माय, जायचं की नाही ते आम्ही ठरवतो. पण पडद्याआड ठरवू का?

एक सपाट, एक फुगीर. लागोपाठ तीनदा!

मेईशिआ म्हणाली, "धड प्रश्न विचारायला एवढे दिवस लागले. ती तरी काय करणार, हसायचीच."

५ जानेवारी, शुक्रवार

मायचा भरजरी पडदा देवळाच्या कोपऱ्यात टांगला. मत टाकायला आमचा शेवयांचा डबा. चिठ्ठीवर दोन चौकोन — जाऊ, थांबू. शिक्का देवळाचाच. एकेकजण आत गेला. बाहेर हसत-खिदळत असलेली माणसं पडद्याआड गेली की बराच वेळ बाहेर येईनात. न्हावी तर इतका वेळ आत होता की गुरुजींनी विचारलं, झोपलास का रे?

मीही गेलो. मीही बराच वेळ होतो.

को काकांनी स्वतः मोजलं. मोठ्याने वाचलं. जाऊ — चार. बाकी सगळे थांबू. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. फेरमोजणी कोणी मागितली नव्हती.

चारांतले तीन लपलेच नाहीत. स्वतः को काका, को काकी आणि त्यांचा भाऊ. काकी तर वर हात करून म्हणाल्या, मला बोटीत बसायचं होतं हो. चौथं मत कुणाचं हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त आईकडे बघितलं. तिने निळा कोट घातला होता. न्हाव्याने तिला पाणी आणून दिलं.

लिआओ साहेब फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. वड्यांचे डबे परत मागितले नाहीत. एवढं खरं.

९ जानेवारी

बस आली नाही. दुपारी आईने निळा कोट घडी करून पेटीत ठेवला. मी शेवया आत घेतल्या. ऊन होतं तरी.

१३ जानेवारी, शनिवार — बाराव्या महिन्याची तृतीया

मत दिलं. आईला चाकांच्या खुर्चीतून नेलं. निळा कोट तिने मतदानाला घातला. येताना वाटेत म्हणाली, "आ-तेक, त्या दिवशी मी 'थांबू'वर शिक्का मारला. सगळे उगाच माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मग ते चौथं कुणाचं रे?"

मी खुर्ची ढकलत राहिलो.

ते चौथं माझं होतं. पडद्याआड मला तिचा निळा कोटच दिसत राहिला.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. आईची आणि माझी बोटीची तिकिटं काढली. पंचमीनंतरची, स्वतःच्या खर्चाने. परतीची धरून.