अंगणातला अर्थिंगचा खड्डा

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय आणि तुमची सून तुम्हाला पत्र लिहायला बसलीय. घरात कोणाला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला. चार दिवसांपूर्वी आपल्या मनूला कूलरचा शॉक बसला. लेकरू बरं आहे, घाबरू नका. पण हाताला अजून मुंग्या येतात म्हणते, आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही.

मामंजी लाइनमन. त्यांनी अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला होता, घरातल्या वायरिंगची अर्थिंगची तार त्यातच पुरलेली. ते गेल्यावरही उन्हाळाभर तुम्ही त्यात रोज कळशीभर पाणी ओतायच्या. टँकरच्या दिवसांतसुद्धा! मी किती कुरकुर केली. तुम्ही म्हणायच्या, "जिमीन वाळली की करंट पीत न्हाई, सूनबाई. मंग त्यो माणसाला धरतो." मी हसले होते. शाळेत विज्ञान शिकवते ना मी.

व्होल्टेज तेच राहिलं आणि रोध वाढला, तर विद्युतधारा कमी होते. पोरांकडून दहादा घोकून घेते. मग घरी का नाही सुचलं?

तुम्ही गेल्यावर हळद वाळवायला मी सगळं अंगण सिमेंटचं करून घेतलं. गवंड्यानं विचारलंही, "मॅडम, ह्यो खड्डा काहून ठेवला? बुजवू का?" मीच म्हटलं, बुजवा. यंदा आपल्या कुरुंद्यात ऊन तापलं, खालची माती कोरडीठाक झाली आणि तिचा रोध वाढला. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली, पण जमिनीत जाणारी धारा इतकी थोडी की फ्यूज उडालाच नाही. मनूने ओल्या पायांनी जाऊन पत्र्याला हात लावला.

तुमचा मुलगा धड जेवत नाही, आत्याबाई. कूलरच्या पंपाची वायर त्यांनी जोडली होती. "माझ्याच हातानं लेकरू गेलं असतं," एवढंच बोलतात. वायर सुटली हे खरं. पण खड्डा ओला असता तर फ्यूज आधीच उडाला असता. हे घरात फक्त मला कळतं, आणि मी चार दिवस त्यांना जळताना बघत गप्प बसलेय. अशी कशी मी? मी हसले तेव्हा तुम्ही तरी का सोडून दिलंत? चांगलं खडसावायचं होतं मला.

आता ते शेतातून येतील. चहा ठेवायच्याही आधी, मनूच्या देखत सांगणार आहे की खड्डा मी बुजवला, म्हणून फ्यूज उडाला नाही. ते बोलतील ते सगळं ऐकून घेईन. आणि सिमेंट फोडायला पहार मीच उचलीन.

तुमची न ऐकणारी सून,
वैशाली