तीन कर्टिस आणि एक पुस्तक

२६ ऑगस्ट
होस्टेलात दाखल. निघताना आईने चारशे डॉलर हातात कोंबले. ती चालवते ती शाळेची बस सुट्टीत बंद असताना तिने समर कॅम्पची बस चालवून साठवलेले. म्हणाली, आधी पुस्तकं घे, मग बाकीची थेरं. मी म्हटलं, आई, मी अर्थशास्त्र शिकायला आलोय, पैशाचं मला नको सांगूस. ती बराच वेळ गाडीजवळ उभी होती. बहुधा अभिमानाने.

२८ ऑगस्ट
कॉलेजच्या बुकस्टोअरमध्ये अर्थशास्त्राचं पुस्तक दोनशे सत्याऐंशी डॉलर! वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, चाळून बघायचीही सोय नाही. दिवसाढवळ्या दरोडा. जिन्याजवळच्या बोर्डावर एका सीनियरची चिठ्ठी सापडली. तेच पुस्तक, तेच कव्हर, तीस डॉलर. घेतलं. निव्वळ नफा दोनशे सत्तावन्न. नवी पुस्तकं छातीशी धरून रांगेत उभी असलेली पोरं पाहिली. कीव आली.

२९ ऑगस्ट, दुपार
नफा नुसता पडून राहू देणं हा मूर्खपणा. कॉफी मशीन घेतलं, एकशे नव्वद. कॅम्पसवर एक कप पाच डॉलरला पडतो, म्हणजे थंडी पडायच्या आत मशीन फुकट. रूममेट डेझमंड म्हणाला, कर्ट्या, पण तू कॉफी पितोस कुठे? त्याला गुंतवणूक कळत नाही. सवय लावून घेतली की झालं. मशीनला दूध लागणार आणि दुधाला फ्रिज. छोटासाच घेतला, एकशे दहा.

३१ ऑगस्ट
उरलेल्या सत्तरात मजल्यावरच्या सगळ्यांना पिझ्झा. ओळखी वाढवणं हीसुद्धा गुंतवणूकच. पुढच्या आठवड्यापासून काटकसर.

४ सप्टेंबर
अर्थशास्त्राचा पहिला तास. प्रोफेसर हालवर्सनबाई. होमवर्क म्हणे वेबसाइटवर करायचं, तीस टक्के मार्क त्याचेच. वेबसाइटला कोड लागतो. कोड पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत, चंदेरी पट्टीखाली. लॉटरीच्या तिकिटासारखा नाण्याने खरवडायचा. एक कोड एकदाच चालतो.
माझ्या पुस्तकातली पट्टी त्या सीनियरने खरवडलेली आहे.
नुसता कोड वेगळा घेतला तर एकशे चाळीस. पण वेबसाइट दोन आठवडे फुकट वापरू देते. घाई करणारे उगीच पैसे घालवतात.

८ सप्टेंबर
लायब्ररीच्या काउंटरवर नोकरी! तिथल्या मुख्य लॉरेनबाईंवर माझी चांगलीच छाप पडली. सकाळी सातला येशील का, असं लगेच विचारलं. अडचण एकच. माझं सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी नंबराचं, मूळ कार्ड दाखवल्याशिवाय मला काउंटरवर बसवता येत नाही. झेरॉक्स दाखवली तर त्या हसल्या. कार्ड घरी, आईच्या बिस्किटांच्या डब्यात. तिला फोन केला की ती पुस्तकांचं विचारणार. थोडं थांबावं. नियम काय, बदलतातही.

१८ सप्टेंबर
फुकटचे दोन आठवडे संपले. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. नवा ईमेल उघडला, नावात ‘कर्ट’ लिहिलं, पुन्हा दोन आठवडे फुकट. डेझमंड म्हणाला, अरे येड्या, होमवर्क कुणाच्या नावावर जमा होणार? मी म्हटलं, माणूस तर एकच आहे ना.
लायब्ररीचा कार्डाचा नियम अजून बदललेला नाही.

२ ऑक्टोबर
तिसरा ईमेल. आजपासून मी ‘सी. व्हॅन्डरमोलन’, आडनाव तरी खरंच. होमवर्कात दहापैकी नऊ.
शेवटी आईला कार्डासाठी फोन केला. पुस्तकं कशी आहेत, म्हणाली. मी म्हटलं, उत्तम. नीट जेवतोस ना, म्हणाली. मी म्हटलं, उत्तम. लगेच पोस्टाने पाठवते, म्हणाली, आणि फोन ठेवला. आणखी काहीच विचारलं नाही. का कोण जाणे, लागलं ते.

१४ ऑक्टोबर
कार्ड आलं, नोकरी सुरू. सकाळी सातला लायब्ररीत चिटपाखरू नसतं.
आज हालवर्सनबाईंचा ईमेल. प्रिय कर्टिस, कर्ट आणि सी., तुम्हा तिघांनाही भेटायला या. गेलो. बाई म्हणाल्या, माझ्या यादीतल्या व्हॅन्डरमोलनने दोन होमवर्क केली आणि मग तो वारलाच. बाकीचे दोघे मेहनती आहेत, पण त्यांना या कॉलेजात प्रवेश कुणी दिला? मी हसलो. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत खऱ्या नावाने कोड घे, मी तिघांचे मार्क एकत्र करते. त्यानंतर वेबसाइट बंद करते दार, मग तीस टक्के गेले, पास होणं कठीण, माझ्याही हातात काही नाही. तुझी शिष्यवृत्ती आहे ना? एका विषयात जरी नापास झालास तरी जाते ती. मी म्हटलं, माहीत आहे. शिष्यवृत्ती गेली तर घरी परत, हेही माहीत आहे. पण शुक्रवारला अजून खूप वेळ आहे.

गुरुवार
पहिला पगार एकशे सोळा. चोवीस कमी पडतात. फक्त चोवीस! मशीन विकायला काढलं, किंमत एकशे ऐंशी. डेझमंड तीस देतो म्हणाला. तीस! गरजूला लुटतो. मशीन जेमतेम चारदा वापरलंय, चारही वेळा माझं पोट बिघडलं, म्हणजे जवळजवळ नवंच. तो साठावर येईल. धीर धरला की समोरचा नमतो.
आईकडे मागता येतील चोवीस. पण बस डेपोत ती सगळ्यांना सांगत फिरते की पोरगा अर्थशास्त्र शिकतोय. तिला काय सांगू?

शुक्रवार, दुपार
तीस दे, मशीन ने, असं डेझमंडला मी म्हणालो होतो सकाळीच. म्हणजे म्हणणार होतो. चाळीस म्हणालो. डेझमंड म्हणाला, राहू दे बाबा, मला चहाच बरा. बॅग उचलून शनिवार-रविवारसाठी घरी गेला.
लॉरेनबाईंना मागावे का? नोकरीला जुम्मा जुम्मा आठ दिवस, कसं दिसेल ते.

शुक्रवार, संध्याकाळ
मी अगदी शांत आहे. हात गार पडलेत, पण हीटर बिघडलाय.
हीटर बिघडलेला नाही. भीती वाटतेय.

सोमवार
हालवर्सनबाईंकडे आणखी मुदत मागितली, त्या नाही म्हणाल्या. वाईट त्यांनाही वाटलं. एकशे सोळा डॉलर तसेच खिशात आहेत.

१४ जानेवारी, पहाट
आईच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून लिहितोय. मी आता बसमधला मदतनीस, छोट्यांचे पट्टे बांधायचे. संध्याकाळी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात पुन्हा तेच अर्थशास्त्र. फी आईने भरली. डेपोत ती आता माझ्याबद्दल काही सांगत नाही.
मशीनची कॉफी थर्मासमधून आणली. म्हणजे शेवटी मशीन वसूल व्हायला लागलं, हेही नोंदवतो. आई म्हणाली, कडू आहे. पण सगळी प्यायली.
इंजिन तापेपर्यंत तिने सीटमागून पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. पुस्तक. नवं, प्लास्टिकसकट. या वेळी तिने पैसे माझ्या हातात दिले नाहीत. जुनं तीसला मिळालं असतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.
प्लास्टिक फाडलं. चंदेरी पट्टी शाबूत. खरवडायला नाणं हवं होतं. सगळे खिसे चाचपले, माझ्याकडे एक नाणं नव्हतं. आईने खिशातून पाव डॉलर काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाली, झालं की परत दे, बाळा.
दिला.