सुताराचा शिकंजा

आबा,

पहिल्या एस.टी.नं पुण्याला चालले, शिकंजा आणायला. संघर्षदादानं आणला तो शिकंजा लोखंड धरायचा आहे. त्याच्या दातांनी सागाच्या फळीला वण पडले. मला रुंद, सपाट जबड्याचा पाहिजे.

काल मला बघायला आलेल्या पावण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "पोरीच्या जातीनं फळीवर पाय रोवून रंधा मारणं बरं दिसत न्हाई." रंधा धरायला तुम्हीच शिकवलंत ना? बरं, नाही रोवत पाय. फळी शिकंजा धरील, मी उभ्यानं रंधा मारीन. सोडणार मात्र नाही.

भाकरी दुरडीत झाकल्यात.

शिकंजा बसवायचं नवं बाकडं ठेंगणं झालंय म्हणून दादा कुरकुरेल. त्याला खाली ठोकळे सरकवू देऊ नका. उंची चुकलेली नाही, ती माझ्या मापाची आहे.

यशोधरा