भिंतीच्या रंगाचा युनिफॉर्म

हुबळी,
रविवार, दुपार

प्रिय इंदू,

फोनवर बोलायला लागलं की माझा आवाज चढतो आणि तुला नेमकी मीटिंग लागते, म्हणून आज कागद घेतला. यात निदान माझं वाक्य तरी पुरं होईल. आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून लिहिते आहे. जेवून तिचा आत्ताच डोळा लागला आहे. ऑपरेशन बरं झालं, खुब्यात सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात वॉकर धरून चालेल, पण खाली बसून फरशी पुसणं आता या जन्मी नाही. हे मी तुला फोनवर सांगितलंच. पडली कशी ते मात्र तू विचारलं नाहीस. जिन्यात पाय घसरला असेल असं तूच म्हणालीस आणि मीही हो म्हणून टाकलं. पाय तिचा घसरलाच नव्हता.

तुला ते रंगांचं सगळं कॉलेजात शिकवलं असेल, पण तुझा हात रंगात पहिल्यांदा घातला तो अप्पांनी. आठवतं का? जयंती जवळ आली की रेल्वे वर्कशॉपातून आल्या आल्या ते परातीत नीळ कालवायचे आणि गल्लीतल्या झेंड्यांचं कापड आपल्या दारात बुडायचं. तू कोपरापर्यंत निळी होऊन शाळेत जायचीस. बाईंनी हात धुऊन ये म्हटलं तर म्हणालीस की हा धुवायचा रंग नाही. सात-आठ वर्षांची होतीस. अप्पा ती गोष्ट कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, दिसेल त्याला सांगत सुटायचे. त्यांचं केदारी हे नाव तू बंगळुरात नेऊन शेवटची वेलांटी काढलीस आणि आडनाव म्हणून लावलंस. इंदुमती केदार. ऐकायला छान आहे. कुठली, कुणाची, काही कळत नाही, आणि तेच तुला हवं होतं.

आता दुकानाचं. शेटजी होते तोवर आम्ही बायका आपापल्या साडीत कामाला जायचो. मी इरकल नेसले की गिऱ्हाईक गादीवरच्या साड्या सोडून माझा पदर हातात घ्यायचं आणि असलीच दाखवा म्हणायचं. शेटजी हसून म्हणायचे, कौसल्या, उद्या हिरवी नेस, हिरव्या पडून आहेत. आमची रंगांची विद्या तेवढीच. शेटजी गेले, त्यांच्या पद्मनाभनं दुकानाचा शोरूम केला, खाली काच, वर एसी, आणि स्टाफच्या युनिफॉर्मचे रंग ठरवायला बंगळूरच्या कंपनीला बोलावलं. कंपनीकडून कोण येणार ते तूही कळवलं नव्हतंस. सगळ्या स्टाफला वरच्या मजल्यावर बसवलं होतं. मी दुसऱ्या रांगेत होते, आई मागे दाराशी, बादलीजवळ. आणि दार ढकलून तू आत आलीस.

तू मला पाहिलंस. माझ्यावरून तुझी नजर गेली ती शोकेसवरून जावी तशी. मी उठणार होते, पण शेजारच्या जनाबाईचा हात आधी माझ्या खांद्याला लागला. ती मॅडमना नमस्कार करायला उठत होती. मीही केला. तू हात जोडलेस, सगळ्यांना मिळून एकदाच. त्या वेळी मला राग आला नाही बघ. वाटलं, पोर मोठ्या लोकांबरोबर आली आहे, तिचं काम होऊ दे, संध्याकाळी घरी येईलच. तू सहाच्या गाडीनं परत गेलीस.

बोललीस मात्र फार सुंदर. पडद्यावर चित्रं होती. विकणाऱ्यांना गडद लाल, कारण लाल रंगापुढे गिऱ्हाईक रेंगाळत नाही, घेऊन टाकतं. बिलाच्या काउंटरला हिरवा, म्हणजे पैसे देताना माणसाचं मन शांत राहतं. दारावरच्या वॉचमनला काळा. माझ्याही मनात आलं की खरंच असेल, कारण ऐकताना मीच गुंगले होते. मग पद्मनाभनं विचारलं की मॅडम, तुमच्याच चित्रात निळा म्हणजे विश्वास असं लिहिलंय, बँका निळा वापरतात, मग आपण सगळ्यांनाच निळा का नको? आणि तू किंचित हसून म्हणालीस, "निळा सगळीकडे चालतो सर, पण या गावात त्या रंगाचा अर्थ वेगळा लागतो. गिऱ्हाईक उगाच काहीतरी वाचेल." पद्मनाभला लगेच कळलं. त्यानं मान हलवली. जनाबाईलाही कळलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं. इंदू, इतकी वर्षं मी त्या दुकानात आहे, शेटजींच्या घरच्या लग्नात मला वेगळं बसवलेलं मी पाहिलं आहे, तरी तो अर्थ असा उघड कुणी बोलून दाखवला नव्हता. तो आपल्या घरातून यायचा होता.

सगळ्यात शेवटी झाडूपोछावाल्यांचा रंग आला. भिंतीला जो बिस्किटी रंग, जिन्याच्या फरशीला जो, तोच. साफसफाई दिसावी, करणारा दिसू नये, गिऱ्हाइकाची नजर मालावरून हलता कामा नये, असं तू समजावून सांगितलंस. तुझ्या समोर, दाराशी, आई उभी होती. ती तुझ्याकडे बघत होती, आणि खरं सांगते, तिचं तोंड जत्रेत आल्यासारखं फुललं होतं. तू काय बोललीस ते तिच्या कानावर गेलंच नाही. तिनं फक्त एवढं पाहिलं की आपली लेक बोलते आणि मालक गप्प बसून ऐकतो.

तो बिस्किटी कुर्ता-पायजमा तिनं कसा जपला म्हणून सांगू! आयुष्यभर लुगडं नेसलेली बाई, पण एक दिवस कुरकुरली नाही. घरी आल्यावर स्वतः धुवायची, तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची. बाकीच्या बायका नाकं मुरडायच्या, कसला हा मातकट रंग म्हणायच्या. आई त्यांना काही बोलायची नाही. घरी मात्र मला म्हणायची, "माझ्या लेकीनं निवडून दिल्याला रंग हाय गे, त्यास्नी काय ठावं?" तिला तेवढंच तुझं अंगाला लागत होतं.

मग मागचा मंगळवार. लग्नाचा बस्ता घ्यायला धारवाडहून मंडळी आली होती. आई जिन्याच्या वळणावर उकिडवी बसून पायरी पुसत होती, भिंतीकडे तोंड करून. वरून एक बाई उतरल्या. चांगल्या घरच्या, सावकाश उतरणाऱ्या. नजर समोरच्या साड्यांवर, जिथं असावी असं तू ठरवलं होतंस तिथंच. त्या सरळ आईवर आल्या आणि दोघी मिळून खाली गेल्या. आई खाली होती. मी धावले तेव्हा त्या बाई एकच सांगत होत्या, "काणलेइल्ल री, खरेच काणलेइल्ल." दिसल्याच नाहीत हो. खोटं बोलत नव्हत्या, बिचाऱ्या रडत होत्या. आणि आई त्या तसल्या कळांत त्यांनाच विचारत होती की अक्का, तुम्हाला कुठं लागलं का?

तुझं काम चोख झालं, इंदू. करणारी दिसली नाही.

हे वाचून तू म्हणशील, अक्का, अपघात कुठंही होतो. होतो. आई लुगड्यात असती तरी पडली असती कदाचित. मी तुझ्यावर हाड मोडल्याचा आळ घेत नाही. पण परवा इथं जे झालं ते ऐक. पद्मनाभ सफरचंदं घेऊन भेटायला आला. माणूस वाईट नाही, औषधपाण्याचं बघतो म्हणाला. बोलता बोलता त्यानं आईला विचारलं, नागुबाई, घरी कोण कोण असतं, मुलं किती? आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एकच लेक सायेब, ही कौसल्या," म्हणाली. मग नर्सला तेच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तेच. मी रात्रभर वाट पाहिली की निदान मला काही बोलेल. सकाळी मी विचारलंच. तर म्हणाली, "तिला तिथं अडचण नको. मी मेल्यावर बी तू कुणाला सांगू नको." तुला काय, मलाही वाटत होतं तिला काही कळलं नव्हतं. त्या दिवशी दाराशी उभी राहून तिला तुझ्याआधी कळलं होतं.

आणि काल तुझा मेसेज आला. धारवाडच्या नव्या शाखेच्या कामाला गुरुवारी येते आहेस, पद्मनाभ सरांबरोबर दवाखान्यात येशील, कंपनीतर्फे पुष्पगुच्छ घेऊन, म्हणजे कुणाला शंका येणार नाही आणि आईचीही भेट होईल. तो मेसेज मी आईला वाचून दाखवलेला नाही. दाखवला तर ती विचारेल मॅडमना नमस्कार बसून केला तर चालेल का, आणि मी तिला तो करू देणार नाही. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसात नाही, घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. गुरुवारच्या आत मिळेल. यायचं तर ये, एकटी ये, नाहीतर पद्मनाभला घेऊन ये, माझी ना नाही. पण इथं वॉर्डाच्या दारावर एक वही आहे, पेशंट कोण आणि तुमचं नातं काय ते विचारून मगच आत सोडतात. आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की तिला एकच लेक आहे, आणि या वयात तिला खोटं मी पाडणार नाही. ते तुलाच पाडावं लागेल, मोठ्यानं, तो ऐकत असताना. तेवढं जमत नसेल तर फुलं खालीच ठेवून जा.

अजून तरी तुझीच,
कौसल्या अक्का