चौथऱ्यावरचं ओलं पान

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण हल्ली जमिनीच्या फार जवळ जायची भीती वाटते. तुमची तब्येत ठणठणीत असेल, मामीचा गुडघाही कुरकुर करत नसेल. तुम्हाला शंभर वर्षं साधी शिंकसुद्धा न येवो.

इकडे सगळे मजेत, म्हणजे सासरे प्लॅस्टरमध्ये आणि मी धास्तीत. त्यांचा डिस्क गोल्फचा नाद तुम्हाला लग्नातच कळला असेल (जेवणाच्या ताटल्या कशा हातात तोलून बघत होते!). चकती फेकत फेकत लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची, एवढाच खेळ. पण सुरुवात टी-पॅडवरून, म्हणजे सिमेंटच्या बुटक्या चौथऱ्यावरून, आणि तिथे नियम सासऱ्यांचे. जन्मभर लिफ्ट तपासलेला माणूस तो! चकती सुटेपर्यंत पाय चौथऱ्याच्या आत हवा. पुढची मंडळी लांब गेल्याशिवाय फेकायचं नाही. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, आणि फेकणारा चढला की चिडीचूप. मागच्या खेपेला मला शिंक आली, तर त्यांनी थांबून माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी शिंक आल्या पावली परत गेली.

चौथरा झाडायचं काम जावयाकडे. परवा मी तो झाडला, फडक्याने कोरडा केला, सासऱ्यांच्या बुटांचा चिखलही काढला. ते चढले, हात मागे नेला, आणि वरून एक ओलं पान अलगद त्यांच्या पुढच्या पावलाच्या जागी येऊन बसलं. मामा, मला ते दिसलं! बोलावं तर शिस्त मोडते, न बोलावं तर सासरे. मी तोंड उघडलं, ती शिंक आठवली, मिटलं. (एवढ्या वेळात माणूस 'पान' हा शब्द चारदा म्हणू शकतो, हे आता कळतंय.) आडवे पडल्या पडल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जावईबापू, पाय आत होता ना?" पाय आतच होता. बाकीचे सासरे बाहेर होते.

दवाखान्यात त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, म्हणाले, जावई शिस्तीला लागले. बायको मात्र म्हणाली, "तू मागेच उभा होतास ना? पान दिसलं नाही तुला?" मी चष्म्यांचा दुकानदार, म्हटलं, माझाच नंबर वाढलाय बहुतेक. सासरे नुसते माझ्या चष्म्याकडे बघत राहिले.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो या संकटात थोडा वाढवावा.

तुमचा भित्रा भाचा

ता. क. येत्या रविवारी सासरे कुबड्या घेऊन येणार आहेत आणि फेकायचं मला आहे. तर शनिवारी तुम्ही जरा आजारी पडू शकाल का? फार नको, भाच्याला धावत यावं लागेल इतपत.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच सासऱ्यांचा फोन आला. आवाज इतका गोड मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "जावईबापू, रविवारी मी तुमच्या अगदी मागे उभा राहीन. निर्धास्त फेका. काही दिसलं तरी तोंडातून अक्षर काढणार नाही."

मामा, शनिवारची वाट बघू नका. पत्र मिळताच अंथरूण धरा.